संस्था बाहेर पडल्यावर वस्तीचं काम रहिवाशांनीच चालवावं, त्यासाठी माणसं कशी तयार करायची?

कोपरासभा
वस्तीतल्या कामांसाठी रहिवाशांची समिती आहे. कागदावर १५ जण, बोलणारे तिघे, आणि विषयपत्रिका संस्थेचे कर्मचारीच लिहितात. नेतृत्वाची दोनदिवसीय शिबिरं झाली, फरक पडला नाही. निधी दोन वर्षांत संपणार आहे. सुरुवात कुठून करावी?

दारोदार
शिबिर सध्या बाजूला ठेवा. आधी एकेकट्याशी अर्ध्या-पाऊण तासाच्या गाठीभेटी घ्या, हातात सर्वेक्षणाचा फॉर्म न धरता. एक प्रश्न चुकवू नका: 'अडचण आली की तुम्ही आधी कोणाकडे जाता?' तीस-चाळीस भेटींत काही नावं पुन्हा पुन्हा येतील. बहुतेकदा ती समितीत नसतातच, कारण समितीत जातात ते सभेत बोलायला न कचरणारे.

अशा माणसाला थेट पद देऊ नका, काम द्या. छोटं आणि मुदतीचं: आपल्या गल्लीतले बंद दिवे खांब क्रमांकासह आठवड्याभरात टिपून आणायचे. झाल्यावर दहा मिनिटं बसून काय जमलं, काय अडलं ते बोला. हे बसणं टाळलं की शिकणं तिथेच थांबतं. मग सभेत एक विषय मांडणं, नंतर जोडीने सभा चालवणं, शेवटी एकट्याने.

आठवी_पायरी
वरचं सगळं मान्य, पण अधिकारच नसेल तर तयार झालेली माणसंही निघून जातात. अमेरिकी अभ्यासक शेरी आर्नस्टाइन यांनी १९६९ साली लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली: तळाशी नुसता देखावा, आठवीवर लोकांच्याच हाती कारभार. तुमची समिती बहुधा पाचवीवर आहे: सल्ला द्या, निर्णय आमचा. म्हणून एका पानावर लिहून काढा, कोणता निर्णय समितीचा, कोणता संस्थेचा, कोणता दोघांचा. पहिल्या रकान्यात पैशाचा एक तरी निर्णय हवाच, रक्कम लहान असली तरी चालेल.

अमेरिकेत बॉस्टनच्या डडली स्ट्रीट भागात १९८४ नंतर वस्ती सुधारण्याचा जो उपक्रम उभा राहिला, त्याच्या मूळ आराखड्यात कारभारी मंडळावर रहिवाशांना मोजक्याच जागा होत्या. लोकांनी भर सभेत हरकत घेतली आणि रचना बदलावी लागली. पुढे १९८८ मध्ये तिथल्या ठरावीक पट्ट्यातली मोकळी जमीन सक्तीने संपादित करण्याचा अधिकारही या उपक्रमाला मिळाला.

कोपरासभा
आणि समितीने चुकीचा निर्णय घेतला तर?

आठवी_पायरी
कायदा किंवा सुरक्षितता आड येत नसेल तर होऊ द्या. कर्मचाऱ्यांनी मागच्या दाराने दुरुस्ती केली की समितीला कळतंच, आणि पुढच्या वेळी कोणी डोकं चालवत नाही.

इतिवृत्त
दोन गोष्टी राहिल्या. एक, हजेरी. सभेची वेळ कामावरून परतणाऱ्यांना जमेल अशी ठेवा, मुलांना सांभाळायला कोणीतरी असू द्या, प्रवासखर्च द्या. नाहीतर 'लोकांना रसच नाही' हा निष्कर्ष आयता मिळतो. मानधनाबाबत जपून: द्यायचं तर कामाला द्या, पदाला नको. पदाला दिलं की खुर्ची सोडणं अवघड होतं.

दोन, एकाच कर्तबगार माणसावर सगळा भार. तो थकला की समिती बसते. कार्यकाळ दोन वर्षांचा ठेवा, दरवर्षी निम्म्या जागा बदला, प्रत्येक जबाबदारीला एक जोडीदार नेमा. आणि निधी संपायच्या निदान सहा महिने आधी फाइली, सभागृहाची किल्ली, बँकेतल्या सह्या आणि अधिकाऱ्यांचे फोन नंबर समितीकडे द्या. पत्रव्यवहारही तेव्हापासून त्यांच्याच नावाने. अडचणी येतील तेव्हा तुम्ही अजून तिथे असाल.