‘अथेना म्हणजे बुद्धी’ एवढ्यावर भागतं का?

निशिगंध
ग्रीक देवींबद्दल मराठीत काहीही वाचायला घ्या, तोच तक्ता समोर येतो. अथेना बुद्धीची, ॲफ्रोडाइटी प्रेमाची, आर्टेमिस शिकारीची, हेरा लग्नाची. वर ‘अथेना म्हणजे त्यांची सरस्वती’ हेही ठरलेलं. माझा या तक्त्यालाच विरोध आहे. पूजा करणाऱ्यांना देवी कळायची ती ठिकाणावरून, उपाधीवरून आणि तिच्यासाठी काय करायचं असतं त्यावरून.

आर्टेमिसच घ्या. अथेन्सजवळ ब्राउरॉनला लहान मुली तिच्या सेवेत असत, त्यांना ‘अस्वलं’ म्हणत. बाळंतपण सुखरूप व्हावं म्हणून बायका तिलाच साकडं घालत. शिकारीण म्हटलं की हे सगळं बाहेरच राहतं. हेराची तर स्टिम्फालॉसला तीन देवळं होती असं प्राचीन ग्रीक प्रवासवर्णनकार पॉसेनिअस सांगतो: कुमारी, विवाहिता आणि विधवा हेरा. ‘लग्नाची देवी’त ही विधवा कुठे बसवणार?

खडकवासी
असहमत. हा तक्ता आपण केलेला नाही, ग्रीकांनीच केलाय. प्राचीन कवी हेसिऑडकडे देवांचा राजा झ्यूस मेटिस या देवीला गिळतो आणि मग त्याच्या डोक्यातून अथेना जन्मते. मेटिस म्हणजेच चतुराई! इ.स.पू. सहाव्या शतकातल्या रेगियमच्या थिआजिनीस या विद्वानापासून महाकवी होमरच्या देवांचा असा प्रतीकात्मक अर्थ लावायला सुरुवात झाली, असं प्राचीन भाष्यकार म्हणतात. अथेना म्हणजे विवेक, ॲफ्रोडाइटी म्हणजे वासना, आर्टेमिस म्हणजे चंद्र. आणखी काय पुरावा हवा?

निशिगंध
ते होमरचा बचाव करणारे विद्वान होते. मी भक्तांबद्दल बोलतेय. अथेन्सच्या अक्रोपोलिस टेकडीवर शिल्पकार फिडिअसने घडवलेली सोन्या-हस्तिदंताची अथेना होती, जवळपास बारा मीटर उंच. पण तिच्या पॅनाथेनाइया उत्सवात नवं वस्त्र नेसवायचे ते ऑलिव्हच्या लाकडाच्या जुन्या मूर्तीला. ते विणायचं काम काही महिने आधी सुरू व्हायचं, हातभार लावायला निवडलेल्या लहान मुली असत, आणि त्यावर विणलेली असायची अथेनाची राक्षसांशी लढाई. माग आणि युद्ध एकाच कापडावर! ‘बुद्धी’ या एका शब्दात हे मावत नाही.

अबोली
तुम्ही दोघंही एक गोष्ट सोडताय. प्रतीक कोणाच्या उपयोगी पडतं? इ.स.पू. 458 मध्ये नाटककार एस्किलसने रंगमंचावर अथेना आणली. आईचा खून केलेल्या ऑरेस्टिसच्या खटल्यात ती त्याच्या बाजूने मत देते आणि कारण सांगते: मला आई नाही, मी बापाच्या पक्षाची. ज्या अथेन्समध्ये बायकांना मतच नव्हतं, तिथे हे देवीच्या तोंडून वदवलं जातं. म्हणून निशिगंध, प्रतीकांकडे काणाडोळा करणं मला परवडणारं वाटत नाही.

खडकवासी
अबोली, हे पटलं. निशिगंध, तुम्हाला विधीच हवा असेल तर डिमिटरचा घ्या. थेस्मोफोरियाचा उत्सव फक्त बायकांचा. खड्ड्यांत टाकलेल्या डुकराच्या पिल्लांचे कुजलेले अवशेष बायका वर काढत, वेदीवर ठेवत, आणि ते बियाण्यात मिसळलं की पीक चांगलं येतं अशी श्रद्धा होती. डिमिटर धान्याची देवी हे कुणा पंडिताने नंतर चिकटवलेलं नाही. त्या बायकांच्या हाताला लागलेल्या मातीत तो अर्थ आहे. विधी आणि प्रतीक तुम्ही वेगळे कसे काढणार, ते सांगा.