दोन लाखांचा दावा नामंजूर झाला तर कोर्टात जायचं की नाही?

विलास, आर्वी:
शेतकरी अपघातात गेला तर घरच्यांना दोन लाख देणाऱ्या गोपीनाथ मुंडे योजनेतला दावा नामंजूर झाला, तर कोर्टाच्या नादी लागू नका. दोन लाखांपायी वकील, तारखा, जाणंयेणं. मयताच्या बायकोनं पोरं सांभाळावी.

सविता, समुद्रपूर:
शेवटचं वाक्य वाचून राहवलं नाही. माझी मोठी जाऊच ती मयताची बायको. 2021 च्या पौषात भासरे रात्री हरभऱ्याला पाणी द्यायला गेले, धुऱ्यावर साप चावला. दवाखान्यात पोचेपर्यंत संपले. विमा कंपनीचं पत्र एका ओळीचं: 'व्हिसेरा अहवालात विष आढळले नाही, सबब दावा अमान्य.' घोट्यावरच्या दोन दातांच्या खुणा पोस्टमॉर्टमच्या कागदावर लिहिलेल्या होत्या. ते पान कोणी उलटलंच नाही. व्हिसेऱ्यात, म्हणजे मयताच्या आतल्या अवयवांच्या तपासणीत, सापाचं विष दरवेळी सापडतंच असं नाही, हे डॉक्टरांनी जिल्हा ग्राहक आयोगाला लिहून दिलं. वकील तालुका विधी सेवा समितीनं दिला. बाईला तो उत्पन्न न बघता फुकट मिळतो, 1987 च्या कायद्यातच आहे. जाऊ दर तारखेला सातबारा अन् ते पत्र खताच्या पिशवीत गुंडाळून न्यायची, ओलं होऊ नये म्हणून. दोन वर्षं गेली, पण पैसे व्याजासकट मिळाले. अन् पोरंही तिनंच सांभाळली.

विलास, आर्वी:
ताई, तुमचं दुःख मोठं आहे. पण तो काळ विमा कंपनीचा होता. एप्रिल 2023 पासून कंपनी गेली, सरकार थेट सानुग्रह अनुदान देतं, तहसीलदारांची समिती ठरवते. आता कोर्टात जायचं तर रिट, म्हणजे सरकारी निर्णयाविरुद्धची याचिका, घेऊन हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात जावं लागते. तिथं सहसा पुरावा नव्यानं तपासत नाहीत. नामंजुरी रद्द झाली तरी फाईल बहुतेक वेळा फेरनिर्णयासाठी त्याच टेबलावर परत. आमच्या गावातल्या एकीची अशीच परत आली, 11 महिने झाले, तिथंच पडून आहे.

भगवान, दारव्हा:
दोघंबी मुद्द्याचं सोडून राहिले. माणूस रात्री वावरात गेला काहून? लाईन रात्रीची म्हणून! दिवसा वीज देतो म्हणून 2017 पासून सरकारच्या सौर वाहिनी योजनेचं ऐकून राहिलो. काल रात्री 1 वाजता मी बॅटरी तोंडात धरून दांड वळवत होतो. दावा नंतरचा, आधी मरणच थांबवा ना!

मनीष, नागपूर:
गमबूट घालून जात जा.

भगवान, दारव्हा:
काळ्या जमिनीच्या गाऱ्यात बूट घालून दोन तास चालून दाखव. पाय निघते, बूट तिथंच राहाते. एसीत बसून शिकवू नको.

मनीष, नागपूर:
एसी काढू नका. माझा काका रात्रीच्या लाइनीवर मोटार चालू करताना शॉक लागून गेला. म्हणूनच सांगितलं. ओल्या पायानं स्टार्टरला हात लावू नका.

भगवान, दारव्हा:
मंग तुले माहीत हाये. बोललो ते मागं घेतो. पण बुटानं नाही, दिवसाच्या लाइनीनंच वाचतीन लोकं.

सविता, समुद्रपूर:
लाइनीचं सोळा आणे खरं आहे, भगवानभाऊ. पण जो गेला त्याच्या घरचं काय? विलासभाऊ, आमच्या पत्रात कारण लिहिलं होतं, म्हणून ते खोडता आलं. 'तुमचं होत नाही' असं तोंडी ऐकून परत आलेल्या बायका मला बाजारच्या दिवशी भेटतात. त्यांच्या हातात कागदच नसतो. त्या रिट तरी कशावर करतील?

विलास, आर्वी:
कारण लेखी घ्यावं, एवढं मान्य. पोस्टमध्ये टाकतो. विधी सेवा समितीचंही टाकतो, ते मला माहीत नव्हतं. कोर्टाबद्दलचं मत बदललेलं नाही.

सविता, समुद्रपूर:
अन् पोरं सांभाळायची ओळ काढा.

विलास, आर्वी:
काढली.