कोरियातील युद्ध क्रांतीचे होते की महासत्तांचे?

मूळ मुद्दा

कोरियाचा विषय निघाला की आपल्याकडे गोष्ट नेहमी २५ जून १९५० पासून सांगितली जाते: कम्युनिस्ट उत्तरेने दक्षिणेवर चाल केली आणि संयुक्त राष्ट्रांनी तिला रोखले. यातील तारीख खरी आहे, पण आरंभ चुकीचा आहे, असे माझे ठाम मत आहे.

१० ऑगस्ट १९४५ च्या रात्री वॉशिंग्टनमध्ये डीन रस्क आणि चार्ल्स बोनस्टील या दोन लष्करी अधिकाऱ्यांना अर्ध्या तासात कोरियाच्या विभागणीची रेषा सुचवायला सांगण्यात आले. हाताशी नॅशनल जिऑग्राफिकचा नकाशा होता. राजधानी सेऊल अमेरिकेच्या बाजूला राहील एवढे पाहून त्यांनी ३८ वे अक्षवृत्त निवडले आणि स्टालिननेही ते विनातक्रार मान्य केले. ज्यांची शेते आणि सोयरीकसंबंध त्या रेषेने तोडले, त्या माणसांना कोणीही विचारले नाही.

जपानच्या ३५ वर्षांच्या राजवटीखालून सुटलेल्या या देशात गावोगावी लोकसमित्या उभ्या राहिल्या होत्या. दक्षिणेत अमेरिकन लष्करी प्रशासनाने त्या मोडीत काढल्या आणि जपान्यांच्या पोलीस दलात चाकरी केलेल्या कोरियनांच्याच हाती पुन्हा दंडुका दिला. जेजू बेटावर एप्रिल १९४८ मध्ये उठाव झाला. तो चिरडताना पंचवीस ते तीस हजार माणसे मेली असावीत, असा अंदाज पुढे दक्षिण कोरियाच्याच सरकारी चौकशीने दिला. हे सारे १९५० च्या आधीचे आहे. क्रांतीची हाक तिथल्या मातीतून उठली होती. महासत्तांनी तिला रणांगण केले.

प्रतिसाद १

रेषा कोणी आखली याबद्दल वाद नाही. पण रेषा आखणारा आणि ती रणगाडे घेऊन ओलांडणारा यांना एकाच मापाने मोजता येत नाही. जर्मनीचीही फाळणी महासत्तांनीच केली, तरी तिथे एका जर्मनीने दुसरीवर फौजा घातल्या नाहीत.

सोव्हिएत दप्तरखान्यातील कागद १९९० च्या दशकात बाहेर आले, त्यानंतर तर शंकेला जागाच उरलेली नाही. उत्तर कोरियाचे नेते किम इल सुंग यांनी १९४९ मध्ये मॉस्कोत जाऊन आक्रमणाचा विषय काढला, तेव्हा स्टालिनने नकार दिला. किम पुन्हा पुन्हा मागे लागले. अखेर ३० जानेवारी १९५० च्या तारेने स्टालिनने तयारी दाखवली आणि एप्रिलमधील भेटीत संमती दिली, तीही माओ यांचा होकार आणण्याच्या अटीवर. ज्या क्रांतीला मुहूर्तासाठी दोन परक्या राजधान्यांचे उंबरे झिजवावे लागतात, तिला मातीतून उठलेली म्हणणे मला पटत नाही.

उत्तरेने १९४६ मध्ये कुळांना जमिनी वाटल्या, हा मुद्दाही अशा चर्चांत हमखास येतो. ते वाटप खरेच झाले. मात्र १९५८ पर्यंत त्याच जमिनी सामूहिक शेतीत गेल्या, आणि कूळकायदा तर दक्षिणेतही १९४९ मध्ये झाला.

मूळ मुद्दा मांडणाऱ्याचे उत्तर

आक्रमणाचा निर्णय किम यांचा होता, हे मी मान्य करतो. कागदपत्रांपुढे हट्ट धरण्यात अर्थ नाही. जर्मनीची तुलना मात्र टिकत नाही. तिथे दोन्ही बाजूंना महासत्तांच्या फौजा ठाण मांडून होत्या. कोरियातून सोव्हिएत सैन्य १९४८ च्या अखेरीस आणि अमेरिकन सैन्य जून १९४९ मध्ये निघून गेले. मागे राहिली ती दोन सरकारे, आणि दोघांनाही सगळा देश हवा होता. दक्षिणेचे अध्यक्ष सिंगमन री हेही उत्तरेवर स्वारी करण्याची भाषा उघडपणे बोलत होते, म्हणून तर अमेरिकेने त्यांना रणगाडे दिले नाहीत. १९४९ भर ३८ व्या अक्षवृत्तालगतच्या ओंगजिन आणि केसाँग भागात दोन्हीकडून चकमकी झडत होत्या. अशा ठिकाणी पहिली गोळी शोधत बसणे मला अपुरे वाटते.

प्रतिसाद १ चे प्रत्युत्तर

मग लोकांचा कौल तरी पाहा. संयुक्त राष्ट्रांच्या ताब्यातील सुमारे २२,६०० चिनी आणि उत्तर कोरियन युद्धकैद्यांनी मायदेशी परतायला नकार दिला. क्रांती इतकी लोकांची होती, तर तिचेच सैनिक तिच्याकडे पाठ का फिरवत होते?

प्रतिसाद २

कैद्यांचा विषय निघाला म्हणून लिहितो, कारण त्याचा संबंध थेट आपल्या माणसाशी आहे. युद्धविरामानंतर हे कैदी ज्या भारतीय दलाच्या ताब्यात देण्यात आले, त्याचे प्रमुख मेजर जनरल शंकरराव थोरात हे कोल्हापूरकडचे. कैद्यांच्या परतीचे काम पाहणाऱ्या तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्षही भारताचेच जनरल थिमय्या होते. भारतीय सैनिकांनी दक्षिण कोरियाच्या भूमीवर पाऊल ठेवू नये असा री यांचा हट्ट होता, त्यामुळे त्यांना जहाजांवरून हेलिकॉप्टरने थेट दोन्ही कोरियांमधल्या निर्लष्करी पट्ट्यात उतरवावे लागले.

योजना अशी होती की प्रत्येक कैद्याला तंबूत आणायचे, त्याच्या देशाच्या प्रतिनिधीने त्याला समजावायचे आणि मग त्याने दोन दारांपैकी एकातून बाहेर पडायचे. प्रत्यक्षात बहुसंख्य कैदी त्या तंबूपर्यंत पोहोचलेच नाहीत. छावण्यांतील कुंपणांच्या आत कम्युनिस्टविरोधी म्होरक्यांची हुकमत होती, आणि परत जायचे म्हणणाऱ्याचा जीव धोक्यात होता. एका भारतीय मेजरलाच कैद्यांनी आत ओढून नेले, तेव्हा थोरात स्वतः आत गेले आणि त्याची सुटका करून घेतली. जिथे पहारेकऱ्याचीच ही गत, तिथे साध्या शिपायाने मनातले दार कसे निवडावे? कित्येकांना खरोखरच परतायचे नसेल, हे मी नाकारत नाही. पण त्या २२,६०० च्या आकड्याला कौल म्हणण्याचे धाडस मी करणार नाही.

मला दोन्ही बाजूंच्या कैद्यांतली फक्त ८८ माणसे नेमकी कळतात. त्यांनी उत्तर नको, दक्षिण नको, चीन नको आणि तैवानही नको असे सांगितले आणि फेब्रुवारी १९५४ मध्ये ती आपल्या सैनिकांबरोबर जहाजाने भारतात आली.