मदत हवी आहे : ५१ पेगासी दाखवायचाय, पण ग्रहाचं 'किमान वस्तुमान' पोरांना कसं समजावू?

नमस्कार मंडळी,

तासगाव तालुक्यात माध्यमिक शाळेवर विज्ञान शिकवतो. दिवाळीनंतर आठवी-नववीच्या पोरांना दंडोबाच्या डोंगरावर आकाशदर्शनाला न्यायचं ठरलंय. चंद्र, शनी नेहमीचेच. यंदा सूर्यासारखा तारा आणि त्याचा ग्रह, म्हणजे ५१ पेगासी घ्यावा म्हणतोय. अंतर सुमारे ५० प्रकाशवर्षं, प्रत (तेजस्वितेचा आकडा) ५.५, नोव्हेंबरात रात्री आठच्या सुमाराला जवळजवळ डोक्यावर. शाळेकडे १० बाय ५० ची द्विनेत्री आहे. पूर्वा भाद्रपदापासून तिथवर जायचं कसं? ॲप नको, मोबाइलच्या उजेडानं डोळ्यांची वाट लागते.

खरी अडचण पुढे आहे. १९९५ साली मिशेल मेयर आणि डिडियर क्वेलोझ यांनी हा ग्रह न बघताच ओळखला. ताऱ्याच्या वर्णपटातल्या (प्रकाशाच्या रंगपट्ट्यातल्या) रेषा तारा जवळ येताना निळ्याकडे सरकतात, मग लांब जाताना तांबड्याकडे, दर ४.२३ दिवसांनी पुन्हा तेच. तारा सेकंदाला ५६ मीटरपर्यंत वेगानं पुढे-मागे होतो. गुरूमुळे आपला सूर्य हलतो तो जेमतेम १२.५ मीटरनं, घाटातल्या एसटीइतका. इथवर पोरांना पटतं. पण वस्तुमान गुरूच्या 'किमान' ०.४६ पट म्हटलं की हात वर होतात. आठवीच्या पोरांसमोर त्रिकोणमितीतला साइन काढण्यात अर्थ नाही. हातात धरून दाखवता येईल असं काही सुचवा. व्हिडिओच्या लिंका कृपया नकोत, डोंगरावर प्रोजेक्टर नाही.

कृष्णाकाठ : सर, पेगाससच्या मोठ्या चौकोनाची पश्चिमेची बाजू म्हणजे पूर्वा भाद्रपदा. उत्तरेचा शीट, दक्षिणेचा मार्कब. दोघांच्या मध्यावर द्विनेत्री रोखा, मार्कबकडे किंचित सरका आणि चौकोनाबाहेर पश्चिमेला दीडेक अंशावर बघा. एकाच दृश्यात मावतं. फक्त अमावास्येच्या आसपासची रात्र धरा.

खडूफळा : सर, काठी, बटाटा (तारा) आणि लिंबू (ग्रह) एवढ्यात भागतं. दोन टोकांना दोन्ही खोचा, तोल साधेल तिथं दोरा बांधून टांगा आणि हळू फिरवा. समोर बसलेल्या पोराला बटाटा जवळ येताना, लांब जाताना दिसतो. दुसऱ्याला बाकावर उभं करून बरोबर वरून बघायला सांगा. बटाटा फिरतोय, पण त्याच्याकडे येत नाही की लांब जात नाही. वर्णपटाला फक्त हा जवळ-लांबचा वेग कळतो. कक्षा तिरकी असेल तर ताऱ्याचा खरा वेग मोजलेल्यापेक्षा जास्त, म्हणजे ग्रहही जड. आपण कक्षा कडेनं बघतोय असं धरून ०.४६ निघतो, म्हणून 'किमान'.

दोऱ्याला पीळ बसून काठी उलटी फिरायला लागते, तेव्हा मध्ये भोवरकडी घाला.

धागाकर्ता : झकास! काठी केवढी घेऊ?

खडूफळा : बटाट्याच्या पाचपट. खरा ग्रहही ताऱ्याच्या पाचेक व्यासांवरच आहे. वस्तुमानाचं प्रमाण मात्र जुळणार नाही. खऱ्या जोडीचा तोल ताऱ्याच्या पोटातच येतो, तेवढं पोरांना सांगून टाका.