धार्मिक शाळेनं आम्हाला आमच्याच आजीची लाज शिकवली

नवगावची लेक
आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. १९७३ साली आम्ही ठाण्याहून इस्राएलला आलो तेव्हा मी नऊ वर्षांची होते. दक्षिणेकडच्या एका गावात घर मिळालं. इथे १९५३ च्या कायद्यापासून सरकारी शाळांचे दोन प्रवाह आहेत, एक साधा आणि एक धार्मिक. "आपण देवाधर्माची माणसं" म्हणत बाबांनी मला दुसऱ्यात घातलं. आज साठी उलटली तरी त्या शाळेवरचा राग गेलेला नाही.

राग तोरा, म्हणजे आमचा धर्मग्रंथ, शिकवल्याचा नाही. रोज सकाळी प्रार्थना, मग हुमाश, म्हणजे तोरेची पाच पुस्तकं, मग त्यावरचं राशी नावाच्या पंडिताचं भाष्य, त्याची ती वेगळीच अक्षरं, सगळं गिरवलं. राग याचा, की आमच्या घरी जे होतं तो त्यांच्या लेखी धर्मच नव्हता. योम किप्पुरला, म्हणजे प्रायश्चित्ताच्या उपासाला, आजी दरफळणीचा सण म्हणायची, रोश हशानाला, म्हणजे आमच्या नववर्षाला, नव्याचा सण. मी वर्गात तेच शब्द बोलले तर बाई हसल्या. बाई हसल्या म्हणजे वर्ग हसला. एलियाहू हन्नाबीचा, म्हणजे एलिया प्रेषिताच्या नावाचा, मलिदा सांगितला, पोहे, खोबरं, फळं, तर म्हणाल्या, हे तुम्ही हिंदूंकडून उचललंत.

एकदा सहलीच्या डब्यात नारळाच्या दुधातलं मटण होतं. पांढरा रस्सा बघून बाईंनी डबाच कचऱ्यात उपडा केला. मांसात दूध! आमच्या धर्मात ते चालत नाही. मला नारळाला हिब्रूत काय म्हणतात तेसुद्धा येत नव्हतं.

चौदाव्या वर्षी येऊ लागलं सगळं. पेसाहच्या सणाआधी वर्गात हग्गादा, म्हणजे त्या सणाच्या रात्री वाचायची पोथी, चालली होती. घरात मी ऐकलं होतं की १९६२ साली मुख्य रब्बींनी, म्हणजे इथल्या मुख्य धर्मगुरूंनी, हुकूम काढला, बेने इस्राएलांचं लग्न लावण्याआधी त्यांची आई, आईची आई, जमेल तितकं मागे जाऊन तपासा. आपल्या लोकांनी जेरुसलेममध्ये धरणं धरलं, तेव्हा १९६४ मध्ये क्नेसेटनं, म्हणजे इथल्या संसदेनं, आपण सर्वार्थानं ज्यू असल्याचं जाहीर केलं. मी विचारलं, "बाई, तुमच्या आजीची आजी कुणी तपासली?" हग्गादेत चार मुलगे आहेत, त्यातल्या दुष्टाला असं उत्तर द्या की त्याचे दात आंबले पाहिजेत. बाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाल्या, हा बघा तो.

प्रश्न विचारण्यासाठीच जो सण आहे, त्या सणाच्या तासाला!

हाजानचा नातू
ताई, डब्याचं वाचून वाईट वाटलं. पण तुमचा मथळा मला पटत नाही. मी मुंबईचा, इथेच राहिलो. आमचं धर्मशिक्षण म्हणजे रविवारी मशिदीत एक तास. (इतरांसाठी: आमच्यात सिनेगॉगला मशीदच म्हणायची रीत आहे. सॅम्युएल स्ट्रीटवरची १७९६ ची ती जुनी मशीद.) बार मित्झ्वाच्या, म्हणजे तेराव्या वर्षीच्या धर्मसंस्काराच्या, आधी सगळा सिद्दूर, म्हणजे प्रार्थनेचं पुस्तक, घडाघडा वाचायला शिकलो. अर्थ एका ओळीचा नाही. अजूनही नाही. तुमच्या त्या हसणाऱ्या बाईंनी तुम्हाला राशी दिला. मी आज चाळिशीत पुस्तक उघडतो आणि बंद करतो.

दुसरं, "आमच्या घरचा धर्म" म्हणजे नक्की कुठला? आपल्याकडे शेमा सोडून एक प्रार्थना उरली नव्हती, असं आपलेच लोक सांगतात. दाविद राहाबी नावाचा बाहेरचा ज्यू आला, मग कोचीनचे ज्यू शिक्षक आले, आणि मराठीतून हिब्रूचं व्याकरण १८३२ साली लिहिलं ते जॉन विल्सन नावाच्या पाद्र्यानं! दरवेळी बाहेरचंच कुणीतरी शिकवायला आलंय.

आणि नारळाच्या दुधाचं म्हणाल, तर बाई अर्ध्या बरोबर होत्या. शुलहान आरुख या ज्यू धर्मनियमांच्या ग्रंथावर क्राकोवच्या रब्बी मोशे इसरलेस यांची टीप आहे. बदामाच्या दुधात मांस शिजवलं तर शेजारी बदाम ठेवावेत, बघणाऱ्याला शंका येऊ नये म्हणून.

नवगावची लेक
अरे मग बाईंनी हेच सांगायचं होतं ना! "पोरी, उद्यापासून डब्यात खोबऱ्याचा तुकडा ठेव." आयुष्यभर दुवा दिला असता. तू सांगतोस ती टीप मला शाळेत कुणी दाखवली नाही, मी मुलगी होते, गेमारा (तालमूदमधली धर्मचर्चा) आणि पोसकीम (धर्मनिर्णय देणारे रब्बी) मुलांच्या वाट्याला. मला आज ती तुझ्याकडून कळतेय, ज्याला म्हणे काहीच शिकवलं नाही.

बाहेरचे आले हे खरं. पण राहाबीची गोष्ट आठव. मासे स्वच्छ करताना आपल्या बायका खवले-पंखवाले, म्हणजे ज्यूंना चालतात तेवढेच, वेगळे काढतात हे बघून त्यानं ओळखलं, हे आपलेच. म्हणजे तो आधी स्वयंपाकघरात बघायला आला.

सदाशिवपेठी
मी ज्यू नाही, तरी बोलतो. मुंजीनंतर दोन वर्षं संथा घेतली. अर्थ शून्य, चुकलं की गुरुजींचा फटका. आज तेच सूक्त कानावर पडलं की बरं वाटतं. लहानपणी पाठांतर, अर्थ नंतर, यात एवढं काय?

नवगावची लेक
काहीच नाही. फक्त तुमच्या गुरुजींनी तुमच्या आजीला खोटं ठरवलं नव्हतं.

बाविसाव्या वर्षी बीजगणित
तुमची भांडणं श्रीमंतांची आहेत हो. ताईंना गणित, इंग्रजी शिकवलं होतं. आमचं घर रामल्यातलं मराठीच, पण वडील एका रब्बीच्या नादी लागले आणि मला हरेदी, म्हणजे अतिसनातनी ज्यूंच्या, शाळेत घातलं. आठवीनंतर सकाळ-संध्याकाळ नुसता गेमारा. बाविसाव्या वर्षी नोकरीच्या अर्जाला गणिताची परीक्षा होती, त्यात क्ष बघून मला वाटलं छपाईची चूक आहे. न्यूयॉर्कमधल्या हसिदी या सनातनी पंथाच्या येशिवांबद्दलही, म्हणजे धर्मशाळांबद्दलही, हाच वाद आहे, २०२२ मध्ये तिथल्या राज्यानं खाजगी शाळांचं शिक्षण सरकारी शाळांच्या तोडीचं हवं याचे नियम केले.

तरी एक कबूल करतो. वाद कसा घालायचा हे मी गेमारात शिकलो. तिथे न सुटलेला प्रश्न "तेकू" म्हणून सोडून देतात, कुणी कुणाचे दात आंबवत नाही. ताईंच्या बाईंना गेमारा शिकवायला हवा होता.

अश्दोदची सून
मावशी, काळ बदललाय. माझी मुलगी तशाच शाळेत सातवीत आहे. "कुटुंबाची मुळं" असा प्रकल्प असतो, त्यात तिनं मलिदा नेला. ताट चाटूनपुसून खाल्लं आणि शिक्षिकेनं कृती मागितली. तुमच्या पन्नास वर्षांपूर्वीच्या रागावर आजच्या शाळा का तोलायच्या?

नवगावची लेक
तिनं मलिद्याची कृती मागितली, की त्यावर म्हणायच्या बेराखा, म्हणजे आशीर्वचनं, आपण कुठल्या क्रमानं म्हणतो तेही विचारलं? पदार्थ सगळ्यांना चालतो गं. पद्धत म्हटली की तोंडं वाकडी होतात.

अश्दोदची सून
नाही विचारलं. पण मुलीलाही तो क्रम माहीत नव्हता. तो मी शिकवायला हवा होता, शाळेनं नव्हे.

हाजानचा नातू
हेच तर म्हणतोय मी! ताई, राग येणार नसेल तर विचारतो. तुमची मुलं कुठल्या शाळेत गेली?

नवगावची लेक
मोठीला धार्मिक शाळेत घातलं. माझ्याच्यानं दुसरं धजलं नाही. धाकट्याला साध्या शाळेत. ती म्हणते मला कोंडलंस, तो म्हणतो मला सेदरला, म्हणजे पेसाहच्या रात्रीच्या जेवणाला, बसलं की परक्यासारखं वाटतं.

आणि हो, काल मटण केलं होतं. करवंटी ठेवली ताटाशेजारी. नवरा म्हणतो, टेबलावर कचरा का ठेवलास?