गोल्फच्या आयर्नचा शाफ्ट घरी बदलताना

प्रश्न: माझ्या सात नंबरच्या आयर्नचा (धातूच्या हेडच्या गोल्फ क्लबचा) स्टीलचा शाफ्ट, म्हणजे दांडा, वाकला आहे. ०.३७० इंची टोकाचा नवा शाफ्ट मिळतो आहे. तो बसेल का, आणि जुना कसा काढावा?

उत्तर: आधी हेडच्या मानेतले, म्हणजे शाफ्ट बसतो त्या नळीतले, भोक मोजावे. ते ०.३५५ इंची निमुळते असेल, तर हा शाफ्ट आत जाणार नाही. जुना शाफ्ट काढताना मानेला हीट गनने सावकाश उष्णता द्यावी आणि आतला इपॉक्सी गोंद सैल झाल्यावर हेड पिळून काढावे. शाफ्ट ग्राफाइटचा असता, तर मात्र पिळणे टाळून पुलरने सरळच ओढावे लागले असते, कारण पिळल्याने त्याचे तंतू फाटतात.

उत्तर: मानेतला जुना इपॉक्सी पूर्ण खरवडा आणि शाफ्टचे टोक पॉलिश पेपरने इतके घासा की चकाकी उरणार नाही. मी हे घासणे एकदा टाळले होते आणि तिसऱ्याच फटक्याला हेड चेंडूच्या पुढे जाऊन पडले. समोर कोणी नव्हते, हे नशीब. चिकटवल्यावर चोवीस तास हात लावू नका.

उत्तर: नवा शाफ्ट कापण्यापूर्वी संचातल्या शेजारच्या नंबरच्या क्लबशी लांबी ताडून पाहावी. अर्धा इंच वाढला, तरी स्विंगवेट, म्हणजे क्लब फिरवताना हेड किती जड जाणवते त्याचे माप, साधारण तीन अंकांनी वाढते.