जुनी सेकंड लेबल बोर्दो: सरसकट नाही म्हणू नका

बरेच जण म्हणतात की सेकंड लेबलची बोर्दो (फ्रान्सच्या बोर्दो भागातल्या मळ्याची, मुख्य वाईनच्या खालची दुसरी वाईन) पाच-सहा वर्षांत पिऊन संपवायची, नंतर त्यात काही उरत नाही, तर ते सगळ्यांना लागू नाही हो. मागे मित्राकडे ले फोर द लातूर १९९६ (आपलं लातूर नव्हे, बोर्दोतल्या पॉइयाक गावचं शातो लातूर, त्या मळ्याची ही सेकंड लेबल) प्यायला मिळाली, अजून मस्त टिकून होती, कडेला विटकरी झाक आलेली, फळ मागे सरकलेलं पण सीडर, तंबाखू, ओली माती आणि पेन्सिलीच्या शिशाचा तो टिपिकल पॉइयाकचा वास, टॅनिन (वाईनचा तुरटपणा) पार मऊ. ९६ म्हणजे बोर्दोच्या डाव्या तीरावर (पॉइयाक तिथलंच) कॅबर्ने द्राक्षाचं चांगलं साल, शिवाय लातूरवाले १९६६ पासून ही वाईन वेगळी करतायत, त्यात तरुण वेलींची द्राक्षं असतात तशी मुख्य मळ्याबाहेरच्या ठराविक तुकड्यांचीही, म्हणजे नुसता उरलासुरला माल नाही. मर्लो द्राक्ष जास्त आणि साल हलकं, उदा. ९७, असं असेल तर मात्र ते म्हणणं बरोबर, वेळेत संपवलेली बरी.

उघडायची असेल तर बाटली आदल्या दिवशीच उभी ठेवा, गाळ खाली बसतो. जुनं बूच साध्या स्क्रूने बरेचदा तुटतं, दोन पात्यांचा ओपनर मिळाला तर बघा. तासन्‌तास डिकँट (दुसऱ्या भांड्यात ओतून हवा देणं) अजिबात नको, आमची तासाभरात फिकी पडायला लागली होती. सोबत साधं भाजलेलं मटण चालेल, तांबडा रस्सा नको, त्या तिखटापुढे ही बिचारी तोंडच उघडणार नाही.